मोकाट

सकाळची पाळी असली की मी साडेपाचला घर सोडतो. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं रीनो शहर मागे पडलं की हायवे ट्रकी नदीच्या काठाकाठाने पूर्वेकडे जातो. वीस-पंचवीस मिनिटांनी एक चौपदरी रस्ता उजवीकडे डोंगरात शिरतो. दोन्ही अंगांना गोदामं, डेटा सेंटरं, बॅटरीचे कारखाने. त्यांच्या मागे उघडेबोडके डोंगर आणि राखाडी सेजब्रशची खुरटी झुडपं. ही माझी आबांना फोन करायची वेळ. तिकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात संध्याकाळचे सहा-साडेसहा झालेले असतात, मेंढरं वाड्यावर आलेली असतात.

मार्च महिना होता. एका वळणानंतर पुढच्या ट्रकचे दिवे लाल झाले, मीही थांबलो. ट्रकच्या पुढ्यात घोडी उभी होती. आठ होती. हिवाळ्याचे लांब केस अजून अंगावर होते, शेपट्यांत काटे अडकून त्यांचे दोरखंड झाले होते. एक घोडी बर्फासाठी टाकलेलं मीठ रस्त्यावरून चाटत होती. सगळ्यांत मागे एक नर, मान जमिनीलगत सापासारखी लांब करून रेंगाळणाऱ्यांना पुढे रेटत होता. पुढची म्हातारी घोडी हलली तशी सगळी रांगेने रस्ता ओलांडून एका गोदामापुढच्या हिरवळीकडे निघाली. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला नाही.

"काय रं, थांबलास का?" आबांनी विचारलं.

"घोडी आल्यात आबा, रस्त्यावर."

"कुणाची?"

"कुणाचीच न्हाईत."

"कुणाची न्हाईत म्हंजी? दावं तोडून आली असतील."

"दावंच न्हाई त्यास्नी."

आबा गप्प झाले. त्यांना ते पटलं नव्हतं, हे मला साडेबारा तासांच्या अंतरावरूनही कळलं.

आमचं घराणं मेंढपाळ धनगरांचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पाऊस जवळ आला की घाट चढून माघारी यायचं. घोडं म्हणजे आमच्या बिऱ्हाडाची गाडी. पाल, भांडी, घोंगड्या, पिठाचा डबा, वाटेत जन्मलेली कोकरं आणि चालता न येणारं एखादं पोर, हे सगळं चंद्रीच्या पाठीवर. चंद्री आमची घोडी. मीही कोकरांच्या जोडीने तिच्यावर लादला गेलोय. अशा माणसाला बिनमालकाचं घोडं समजावून सांगायचं म्हणजे बिनचाकाची एसटी समजावण्यासारखं आहे.

आपल्याकडे जनावरांची खाती ठरलेली असतात. पाळीव, रानटी, भाकड आणि मोकाट. मोकाट म्हणजे ज्याला मालक आहे, पण तो पुढे येत नाही. असं जनावर ग्रामपंचायत कोंडवाड्यात घालते आणि दंड भरून सोडवावं लागतं. नेवाडातल्या घोड्यांचं सगळं भांडण मला या एका शब्दाभोवती फिरताना दिसतं. घोडं रानटी म्हणायचं की मोकाट? ज्याने त्याने आपापला शब्द धरून ठेवलाय, आणि शब्द धरला की पुढचं सगळं आपोआप ठरतं. रानटी म्हटलं की ते हरणासारखं, त्याचा हक्क. मोकाट म्हटलं की ते कुणाच्या तरी शेतात शिरलेलं, त्याला हुसकायचं.

गंमत म्हणजे घोड्याचं माहेर अमेरिकाच. घोड्याचे पूर्वज याच खंडावर वाढले, इथून आशियात गेले, आणि साधारण दहा हजार वर्षांपूर्वी इथले सगळे संपले. मग १५१९ साली स्पॅनिश सरदार कोर्तेझ मेक्सिकोत उतरला तो सोळा घोडी घेऊन. तिथून सुटलेल्या, चोरलेल्या, विकलेल्या, सोडून दिलेल्या घोड्यांची ही प्रजा. दहा हजार वर्षांनी परत आलेल्या लेकीला माहेरवाशीण म्हणायचं की पाहुणी? शास्त्रज्ञांतही यावर एकमत नाही. गाढवांचा मात्र तसा काही दावा नाही. ती मुळात आफ्रिकेची, स्पॅनिश लोकांबरोबर आली, खाणवाल्यांनी राबवली आणि खाणी बंद पडल्यावर वाळवंटात सोडून दिली.

रीनोत वेल्मा जॉन्स्टन नावाची एक बाई होती. लहानपणी पोलिओ झालेली, पुढे एका ऑफिसात सेक्रेटरी. १९५० साली एका सकाळी ती गाडीने कामाला निघाली होती. पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसलं म्हणून तिने त्याचा पाठलाग केला. आत विमानाने पिटाळून धरलेली घोडी कोंबलेली होती, एक शिंगरू पायांखाली तुडवलं गेलं होतं. कुत्र्या-मांजरांच्या डब्यातल्या खाण्यासाठी त्यांची रवानगी चालली होती. त्या काळात यात बेकायदा काहीच नव्हतं. बाईंनी दोन वर्षांत स्टोरी काउंटीत, म्हणजे इथल्या एका जिल्ह्यात, विमानाने घोडी धरायला बंदी आणवली. मी रोज कामाला जातो ती हीच काउंटी. मग राज्यात, मग १९५९ साली देशात: सरकारी जमिनीवर मोटारीने किंवा विमानाने रानघोडी पकडायची नाहीत, पाणवठ्यात विष घालायचं नाही. त्यांच्या विरोधात असलेल्या एका सरकारी माणसाने त्यांना टोमणा म्हणून ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ म्हटलं. बाईंनी ते नाव उचललं आणि मिरवलं. टोपणनाव असं पचवायला वेगळं काळीज लागतं.

पुढे शाळेतल्या पोरांनी खासदारांना पत्रांचा पाऊस पाडला. १९७१ सालच्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली तो सरकारी जमिनीवरच्या रानघोड्यांच्या संरक्षणाचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला होता. त्यात घोडी आणि गाढवं यांना ‘पश्चिमेच्या इतिहासाची आणि धाडसी वृत्तीची जिवंत प्रतीकं’ म्हटलंय. ज्या गाढवाच्या नावाने आपण मास्तरांकडून आयुष्यभर ऐकून घेतलं, ते इथे कायद्याने प्रतीक आहे. एवढंच काय, न्यू मेक्सिकोच्या पशुधन मंडळाने सरकारी जमिनीवरची १९ गाढवं धरून लिलावात विकली, तेव्हा ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९७६ साली कोर्टाने एकमताने सांगितलं: सरकारी जमिनीवरच्या गाढवांवर देशाचा कायदा चालणार, राज्याने हात लावायचा नाही.

आबांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मनापासून हसले. "१९ गाढवांसाठी? आमच्या बांधाची केस सोळा वर्सं चाल्लीय."

यातला एक तिढा मला इथे राहायला आल्यावर तीनेक वर्षांनी कळला. माझ्या रस्त्यावरची घोडी त्या कायद्यात बसतच नाहीत. रीनोच्या पूर्वेचा हा व्हर्जिनिया रेंज नावाचा डोंगराळ पट्टा. इथली बरीचशी जमीन खाजगी आहे, म्हणून इथली जवळपास तीन हजार घोडी राज्याच्या कृषिखात्याच्या वहीत फिरस्ती पाळीव जनावरं म्हणून लागलेली. म्हणजे मोकाट. तिथून उत्तरेला तासाभरावर सरकारी कुरणात तसंच घोडं, त्याच रंगाचं, तसलाच चारा खाणारं, ते मात्र रानटी. ॲनीबाईंनी ज्या काउंटीत लढा सुरू केला, तिथल्याच घोड्यांना त्यांच्या कायद्याचं छत्र नाही.

आता कुरणाचं. नेवाडाची ८० टक्के जमीन संघराज्य सरकारची आहे. एवढं मोठं गायरान आबांच्या कल्पनेतही नव्हतं. पण पाऊस वर्षाला सरासरी पंचवीस सेंटिमीटर. आमच्या दुष्काळी माणमध्ये याहून बरा पडतो. गवत झुपक्या-झुपक्याने उगवतं, एकदा मुळापासून खाल्लं की लवकर डोकं वर काढत नाही. त्या जागी चीटग्रास नावाचं परदेशी तण येतं, ते उन्हाळ्यात कागदासारखं पेटतं. घोड्याला खालचे-वरचे दोन्ही पुढचे दात असतात. गाय जिभेने ओढून खाते, घोडं कातरल्यासारखं जमिनीपर्यंत खातं. शिवाय ते रवंथ करत नाही. निकृष्ट चाऱ्यावरही तगतं, पण खातं भरपूर. गाई ठरल्या महिन्यांत येतात आणि जातात. घोडी बारा महिने त्याच झऱ्यावर.

संघराज्य सरकारच्या जमीन व्यवस्थापन खात्याने दहा राज्यांतल्या आपल्या कुरणांचा हिशोब करून आकडा काढलाय: साधारण साडेपंचवीस हजार घोडी-गाढवं पेलवतील. २०२० साली होती पंच्याण्णव हजार. त्यानंतर धरपकड वाढवली, २०२२ च्या एका आर्थिक वर्षात वीस हजार जनावरं काढली, तरी २०२४ साली त्र्याहत्तर हजारांवर होती. वर्षाला पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढतात, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. डोंगरातला बिबळ्यासारखा प्यूमा एखादं शिंगरू नेतो, बाकी खाणारं कुणी उरलेलं नाही.

साडेपंचवीस हजार हा आकडा आभाळातून पडलेला नाही, तेही सांगायला हवं. त्याच कुरणावर परवान्याच्या गाई चरतात, आणि बऱ्याच ठिकाणी चाऱ्याचा मोठा वाटा त्यांच्याच नावे असतो. चराईचा दर कित्येक वर्षं महिन्याला १.३५ डॉलर होता. एक गाय आणि तिचं वासरू, किंवा एक घोडं, किंवा पाच मेंढरं, मिळून एक हिशोब. मी आबांना रुपयांत करून सांगितलं: पाच मेंढरांना महिन्याला सव्वाशेच्या आत. पलीकडे शांतता.

"पाच मेंढरांस्नी? म्हयनाभर?"

"व्हय."

"आन् आमाला फॉरेस्टवाला नुसतं वलांडलं तरी दंड करतोय."

त्या दिवशी घोड्यांचा विषय तिथेच बुडाला. चराईबंदीवर आबा पाऊण तास बोलले, आणि माझा डबा खायचा वेळ गेला.

पण पुढच्या फोनला त्यांनीच विचारलं. सगळं ऐकून घेतलं होतं, एक गोष्ट अडकली होती. "काढत न्हाईत का?"

मेंढपाळाच्या बोलण्यात काढणं हा रोजचा शब्द आहे. दरसाल नर काढायचे, म्हाताऱ्या काढायच्या, ज्यांच्यात दूध नाही त्या काढायच्या. कुठे काढायच्या हे कुणी बोलत नाही, पण खाटीक कधी येणार हे पोरालासुद्धा ठाऊक असतं. कळप राखणं आणि कळपातून काढणं ही एकाच कामाची दोन टोकं. इथे मूळ कायद्याने पहिलं टोक सरकारच्या हातात दिलं. दुसरं टोक कागदावर आहे, म्हातारं किंवा जास्तीचं जनावर मारायची तरतूदही आहे, पण संसद दरवर्षी खर्चाच्या कायद्यात एक ओळ घालून धडधाकट जनावर मारू देत नाही. लोकांना ते सहन होणार नाही, आणि मलाही होणार नाही. घोडं कापणारे शेवटचे कारखाने अमेरिकेत २००७ साली बंद झाले.

मग काढतात कसं, तर धरून.

एका ऑगस्टमध्ये मी ते बघून आलो. विमानबंदी सरकारी खात्यापुरती पुढे उठवली गेली, पण शिंगरांचे दिवस असतात म्हणून मार्च ते जून हेलिकॉप्टर वापरायला बंदी असते. जुलैपासून मोसम. इथून दोन-अडीच तासांवर एका कोरड्या तळ्याच्या काठी आम्हा बघ्यांना टेकडीवर बसवलं होतं, दुर्बिणी घेऊन. आमच्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या एक निवृत्त बाई मला घेऊन गेल्या होत्या, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. खाली लोखंडी कठड्यांचा एक गोल. त्याच्या तोंडापासून दोन्ही बाजूंनी पसरत गेलेल्या, गोणपाटाच्या जाळीच्या दोन लांबच लांब भिंती. मला ते बघताच कळलं. वाघर! आमच्या मेंढरांना रात्री कोंडायची जाळी असते ना, तीच, फक्त अर्ध्या मैलाची.

आधी आवाज आला, मग धूळ. धुळीच्या पुढे चौदा-पंधरा घोडी, आणि त्यांच्या मागे हेलिकॉप्टर इतकं खाली की त्याची सावली शेवटच्या घोड्याच्या पाठीवर. ते सतत चिकटून नव्हतं. मागे राहायचं, घोडी दुडक्या चालीवर आली की गप्प बसायचं, एखादं टोळकं फुटायला लागलं की वळसा घालून आडवं यायचं. अगदी आमचा तांबू कुत्रा करायचा तसं. जाळीच्या तोंडाशी एक माणूस एका घोड्याचा लगाम धरून झुडपाआड वाकून उभा होता. कळप पुरता आत आल्यावर त्याने ते घोडं सोडलं. शिकवलेलं घोडं. ते सरळ गोलाकडे पळत सुटलं, आणि घाबरलेली रानघोडी त्याच्या मागोमाग. कामावरचे लोक त्याला जूडास म्हणतात, येशूला धरून देणाऱ्या शिष्याचं नाव.

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या तोंडून "वा" निघालं. मेंढपाळाच्या पोराला कळप एका सुरात वळताना बघून दुसरं काय सुचणार? शेजारच्या बाई रडत होत्या. मग फाटक लागलं आणि मला दुसरं ऐकू आलं. आतले नर आणि माद्या वेगळ्या करत होते. एक नर दोन पायांवर उभा राहून कठड्यावर आदळत होता, लोखंडाचा आवाज टेकडीपर्यंत येत होता. आणि बऱ्याच मागे, तळ्याच्या पांढऱ्या मातीत, एक शिंगरू एकटंच चालत येत होतं. दोन घोडेस्वार गेले आणि दोर टाकून त्याला घेऊन आले. त्याला आईकडे सोडलं असं नंतर सांगितलं. मला दिसलं नाही.

धरलेली घोडी कुठे जातात, तेही मग बघावंसं वाटलं. रीनोच्या उत्तरेला पिरॅमिड तळ्याच्या रस्त्यावर पालोमिनो व्हॅलीत सरकारची मोठी पागा आहे. आठवड्याच्या कामाच्या दिवशी कुणीही जाऊ शकतं. मी लेकीला घेऊन गेलो. लोखंडी पाइपांची कुंपणं, त्यांच्यालगत वैरणीची लांब ओळ, आणि शेकडो घोडी. दाव्याला बांधलेलं घोडं मी जन्मभर बघितलंय, तोबऱ्यात तोंड घालून उभं. हे वेगळं होतं. आम्ही कुंपणाशी गेलो की सगळा कळप पाण्यासारखा पलीकडच्या कोपऱ्यात वाहत जायचा आणि तिथून आमच्याकडे बघत राहायचा. प्रत्येकीच्या गळ्यात दोरीला नंबराचा बिल्ला.

एक भुरी घोडी मात्र जागची हलली नाही. तिच्या मानेवर डाव्या बाजूला, आयाळीखाली, पांढऱ्या खुणांची एक ओळ होती. द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेलं लोखंड दाबून धरतात, त्या जागेचे केस पुढे पांढरे उगवतात. अंक नाहीत, नुसते कोन. काटकोन, तिरका कोन, एखादी आडवी रेघ, आणि कोन कुठे तोंड करून आहे त्यावर आकडा ठरतो. तिथल्या फलकावर किल्ली लावलेली असते. सगळ्यात आधी सरकारची खूण, मग एकावर एक दोन कोन, ते जन्मसाल, मग नोंदणीचे सहा. लेकीने बोट हवेत फिरवत लावलं: दोन हजार पंधरा. "बाबा, माझ्याहून एक वर्षाने लहान." दात बघून आबा वय सांगतात. इथे मान वाचता आली पाहिजे.

१२५ डॉलर भरले की असं घोडं दत्तक मिळतं. मुख्य अट अशी की चारशे चौरस फूट जागा हवी आणि सहा फुटी कुंपण. गाढवाला साडेचार फूट पुरतं. वर्षभर नीट सांभाळलं तर कागद तुमच्या नावावर, तोवर जनावर सरकारचं. लेक गाढवांच्या कुंपणापाशी हटून बसली. एकाच्या पाठीवर खांद्यातून उतरलेली काळी फुली होती, कान आतून लोकरीसारखे. त्याने तिचा हात हुंगला. मेंढरांमागे कोल्हे-कुत्रे लागू नयेत म्हणून इथले मेंढपाळ अशी गाढवं नेतात, हे ऐकून मला आबांच्या वाड्यावर एक बांधायची फार इच्छा झाली. आमच्या मागच्या अंगणात मात्र ते उन्हाळ्याचे सगळे पापड खाऊन गेलं असतं.

पण दत्तक घेणारे किती निघणार? २०१९ साली सरकारने जनावरामागे हजार डॉलर देऊ केले. घेणारे वाढले खरे, पण २०२१ मध्ये वर्तमानपत्रांनी शोधून काढलं की काही लोक पैसे खिशात घालून, वर्ष भरलं की घोडी लिलावात नेत होते, जिथून पुढची वाट सीमेपार कत्तलखान्याची. २०२५ साली कोर्टाने ती योजना रद्द केली. उरलेली घोडी पागेत, किंवा ओक्लाहोमा-कॅन्सससारख्या ठिकाणी भाड्याने घेतलेल्या मोठ्या कुरणांत, मरेपर्यंत. २०२४ साली अशी साठ हजारांवर होती. २०२३ साली या सगळ्या कारभाराला पंधरा कोटी डॉलरांहून जास्त लागले, त्यातले दोन तृतीयांश नुसत्या या सांभाळण्याला. २०१९ सालच्या दुष्काळात आमच्याकडे चारा छावण्या लागल्या होत्या, पावसाळ्यात त्या उठल्या. ही छावणी उठतच नाही.

"म्हातारी हुईस्तवर खायला घालत्यात?" आबांनी विचारलं.

"मरंस्तवर."

"कामाबिगार?"

"कामाबिगार."

बराच वेळ फोनवर नुसती खरखर. मेंढरांच्या खोकण्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "चंद्रीला आमी फलटणच्या मामाला दिली न्हवती."

मी आठवीत होतो तेव्हा वसतिगृहातून सुट्टीला आलो तर चंद्री नव्हती. मामाच्या मळ्यात बरी आहे असं आईने सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता. आता आबा जे बोलले ते मोजकंच. कोकणातून परत येताना कुंभार्ली घाटात तिच्या पुढच्या पायाचा खूर फाटला. ओझं तर सोडाच, चालवेना. दुसरं घोडं घेतलं. घाटमाथ्यावर एका गायरानात पाणी होतं, गवत होतं, तिथे तिच्या गळ्यातलं दावं सोडलं.

"दोन मुक्काम मागनं आली," आबा म्हणाले. "लंगडत. रातच्याला वाघरीपाशी येऊन हुबी ऱ्हायची. तिसऱ्या दिशी न्हाई आली."

मी काही बोललो नाही. ते पुढे म्हणाले, "घोडं खाटकाला कोण दील? आन् मारायचं पाप कोण घील? मग सोडायची."

त्या सकाळी मी कामाच्या आवारात गाडी लावून तसाच बसून राहिलो. इथल्या घोड्यांच्या वंशावळीत शूर स्पॅनिश स्वार आहेत, आदिवासी शिकारी आहेत, घोडदळाची घोडी आहेत, सगळं खरं. पण त्यात मोठा भरणा सोडून दिलेल्यांचा आहे. मंदीच्या काळात, ट्रॅक्टर आल्यावर, चारा परवडेना म्हणून दावं काढून डोंगराकडे हाकललेली. खाणीत राबून म्हातारी झालेली गाढवं. त्या प्रत्येकीच्या मागे कुणीतरी आबा असणार, आणि पोरांना सांगितलेला कुणीतरी फलटणचा मामा. इथे पाणी कमी पण माणसं कमी, म्हणून ती तगली आणि वाढली. चंद्रीला लंगडत्या पायाने ते जमलं नसेल.

आता त्या बाईंबद्दल. सत्तरीला आलेल्या, शाळेत शिकवून निवृत्त. आमच्या व्हर्जिनिया रेंजच्या घोड्यांना गर्भनिरोधक लस टोचणाऱ्या स्वयंसेवकांत त्या आहेत. राज्याशी करार करून २०१९ पासून ते काम चाललंय. त्यांच्याकडे एक जाडजूड वही आहे. प्रत्येक घोडीला एक पान, दोन्ही बाजूंचे फोटो, कपाळावरचा ठिपका कसा आहे, कोणता पाय किती पांढरा, कोणत्या नराबरोबर असते, शेवटचं शिंगरू कधी झालं. मला ती वही बघून तलाठ्याचं दप्तर आठवलं, फक्त अक्षर चांगलं.

एका रविवारी त्यांच्याबरोबर गेलो. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली एक तपकिरी घोडी त्यांना हवी होती. मी म्हटलं, आमच्यात हिला पंचकल्याणी म्हणतात, फार शुभ. त्यांनी तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिला. घोडीपासून तीसेक पावलांवर त्या गप्प उभ्या राहिल्या, पाठ अर्धी वळवून, जणू त्यांना तिच्याशी काही देणंघेणं नाही. घोडी चरत चरत वळून अंगाची बाजू दाखवत उभी राहिली तेव्हा बंदुकीचा फुस्स आवाज आला. मांडीत गुलाबी शेपटाची सुई. घोडी दचकून दहा पावलं पळाली, मान हलवली, पुन्हा चरायला लागली. सुई गळून पडली. ती शोधल्याशिवाय जायचं नसतं, म्हणून आम्ही अर्धा तास सेजब्रशमध्ये वाकून फिरलो. मलाच सापडली. बोटाएवढी, रिकामी, टोकाला एक तांबूस केस चिकटलेला.

ही लस डुकराच्या अंडाशयापासून करतात. त्यातलं प्रथिन घोडीच्या अंगात गेलं की तिचं शरीर त्याविरुद्ध तयार होतं, आणि तिच्या स्वतःच्या बीजावरही नराचं बीज धरत नाही. साधारण वर्षभर पुरते, मग पुन्हा टोचायची. डुकरांची अंडाशयं कत्तलखान्यातून येतात. हे बाईंनी सांगितलं तेव्हा त्या दूर बघत होत्या. शाकाहारी आहेत. एका घोडीला मारायला लागू नये म्हणून दुसरीकडे मेलेल्या डुकराचा आधार घ्यावा लागतो, याचा त्यांनी कधीतरी स्वतःशी हिशोब घातला असणार. मी विचारलं नाही. माणसांना सरावलेल्या घोड्यांना ओळखून टोचणं जमतं. पण नेवाडाच्या उत्तरेला, जिथे माणूस दिसला की घोडी क्षितिजापार जातात, तिथे तीस पावलांवर कोण जाऊ देणार? तिथे हेलिकॉप्टर सुटत नाही, असं मला वाटतं. बाईंना हे पटत नाही. तरी त्या मला घेऊन जातात.

परवा पुन्हा मार्चमधलीच सकाळ. त्याच वळणावर तीच टोळी, आता सात. पंचकल्याणी त्यांत होती. मी गाडी कडेला घेतली आणि व्हिडिओ कॉल लावून फोन काचेला टेकवला. पलीकडे आबांचा चेहरा अंधारात, मागे बॅटरीचा उजेड.

"ती पांढऱ्या पायाची दिसली का? तिचंच सांगितलं हुतं."

आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मला नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं.

"अंगानं बरी हाय," ते म्हणाले. "व्याली का?"

"न्हाई. आवंदा न्हाई."

आपल्याकडे हे वाक्य खालच्या आवाजात बोलतात. मी आनंदाने बोललो होतो. आबांनी फोन लांब धरला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा घोडीकडे बघितलं. घोडी एका पायाचा खूर उचलून नुसती उभी होती. मग तिने तो खाली ठेवला आणि चालायला लागली, नीट.

"बरं," आबा म्हणाले, "ठेवतो. कोकरं कोंडायची ऱ्हायल्यात."